शांत माणसं दोन

ज्यांच्यावाचून माणसाचं काहीएक अडत नाही अशा जगातल्या यच्चयावत गोष्टींची यादी माझ्या थोरल्या नणंदेकडे आहे. हे मी वाढवून सांगत नाही. यादी खरोखरच आहे, वहीत आहे, वह्या सहा भरल्या आहेत आणि सातवीत मागच्या दिवाळीला ‘उटणं’ इथपर्यंत मजल गेली होती. नणंद म्हटली की भावजयीच्या पोटात गोळा यावा असा आपल्याकडचा रिवाज. नणंद येते, डबे उघडते, मीठमसाला तपासते आणि आईच्या कानाला लागते. माझ्याही नणंदेनं मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात डबे उघडले. त्यातला जिऱ्याचा डबा गुपचूप उचलून नेला आणि पंधरा दिवसांनी परत आणून देताना म्हणाल्या, "तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही बघ. जिऱ्यावाचून चाललं. घर दणकट आहे तुझं." सासरी आल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं कौतुक. ते माझं होतं की जिऱ्याच्या डब्याचं, यावर मी तीस वर्षं विचार करते आहे.

ताईंचं, म्हणजे या नणंदेचं, घर आमच्याच इमारतीत, बोरीवली पूर्वेला, आमच्या दोन मजले वर. मागे नॅशनल पार्कची भिंत आणि भिंतीवर माकडं. लग्न त्यांनी केलं नाही, कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "ते पहिल्या वहीत आहे, चौथ्या पानावर." घरात सोफा नाही, कारण येणारी माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. दाराला घंटी नाही, कारण ज्याला खरंच काम असतं तो हाक मारतोच. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि मला सांगितलं, "तासकाटा नीट निरखून बघितला ना, की मिनिटंही कळतात गं. लोक बघतच नाहीत." पोळपाट नाही; ताट उपडं घालून त्यावर पोळ्या लाटायच्या, त्यामुळे ताईंच्या घरच्या प्रत्येक पोळीवर माझ्या सासऱ्यांचं नाव उलट्या अक्षरांत उमटलेलं असतं. कामाचा नियम मात्र कडक. एका वेळी एकच गोष्ट काढायची, पंधरा दिवस थांबायचं, काही बिघडलं नाही तर वहीत नोंद करून ती वस्तू देऊन टाकायची. दोन एकदम काढल्या तर नेमकं कुणावाचून बिघडलं ते कळत नाही. पहिल्या वहीच्या शेवटी एक उलटं पान आहे, ज्यांच्यावाचून खरोखर अडलं त्यांचं. इतक्या वर्षांत त्या पानावर तीनच ओळी आल्या: चहाची गाळणी, चष्मा आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, ती ओळ अजून तशीच आहे.

आता कुणी म्हणेल, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. तसं नाही. ताईंचा हा धंदाच आहे. त्या गणितज्ञ आहेत, आणि कसलं गणित, तर जिवंत पेशीत चाललेल्या रासायनिक क्रियांचं. आपल्या एकेका पेशीत म्हणे हजारो रसायनं एकमेकांत बदलत असतात; ह्याचं ते होतं, त्याचं आणखी काहीतरी, असे नुसते बाणच बाण. माणूस जेवतो, उपाशी राहतो, तापतो, गारठतो, त्याबरोबर सगळं वरखाली होतं. तरी त्यात एखादं रसायन असं निघतं की बाकीची कितीही नाचली तरी ते आपली पातळी सोडत नाही. ते का सोडत नाही, हे ताई कागदावर सिद्ध करतात. आयुष्यात त्यांनी परीक्षानळी हातात धरलेली नाही. हे वेड आलं कुठून, तर घरातूनच. सासरे गिरणीत होते. ते पाळीवरून आले की ही मुलगी विचारायची, "बाबा, आज किती धागे तुटले?" ते सांगायचे. लगेच पुढचा प्रश्न, "मग तरी कापड कसं निघालं?" पाचवीतल्या त्या प्रश्नातून ताई अजून बाहेर आलेल्या नाहीत.

इमारतीतल्या लोकांनी ‘पेशी’ एवढा एकच शब्द ऐकला आणि ताईंना डॉक्टर करून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी दर तीन महिन्यांनी आपल्या थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन यायच्या. ताई तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायच्या, मग एक कागद घेऊन बाण काढायला बसायच्या. हा आकडा वाढला की तो ह्याला दाबतो, दाबला की हा पुन्हा सुटतो, अशी तासभर शिकवणी चालायची. भाभी मान डोलावत. एकदा मी जिन्यात त्यांना विचारलं, काय सांगतात हो ताई? भाभी म्हणाल्या, "गोळी चालू ठेव नाय बोलत, बंद कर नाय बोलत. डॉक्टरला विचार बोलते. पण माझी बॉडी किती मेहनत करते ते सांगते ना, तर मला रडायला येते." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र ताईंना त्यांच्या संस्थेनंही कधी दिलं नसेल.

पण ताईंचं खरं तेज दिसायचं ते लग्नकार्यात. मुलुंडला माझ्या धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत मठ्ठा संपला, आणि त्यावरून वरपक्ष, वधूपक्ष, दोन्हीकडच्या आत्या, माम्या अशी सगळी सभा पेटली. ताई स्टेजच्या कडेला उभ्या राहून बोटांनी काहीतरी मोजत होत्या. अर्ध्या तासानं परत मोजलं. मग माझ्याजवळ येऊन, लॉटरी लागल्यासारख्या चेहऱ्यानं कानात म्हणाल्या, "दोन."

"काय दोन?"

"शांत माणसं. मघाशी दोन होती, आत्ताही दोनच आहेत. माणसं वेगळी आहेत, आकडा तोच." आणि तिथंच, रुखवताच्या टेबलाला टेकून, त्यांनी मला आपल्या घराण्याचा सिद्धांत समजावला. भांडणारा माणूस शांत माणसाला भेटला की त्यालाही भांडायला लावतो. चमचाभर विरजण दुधाचं दही करतं तसं. हा एक बाण. भांडणारा थोड्या वेळानं आपोआप दमतो आणि शांत होतो. हा दुसरा बाण. संपलं. एवढ्या दोन बाणांतून असं निघतं की शेवटी शांत माणसांचा आकडा ठरलेलाच राहतो. पाच माणसं बोलवा की पाचशे. जास्तीची सगळी भांडणाऱ्यांत जमा होतात. "आपल्या खानदानात तो आकडा दोन आहे," त्या म्हणाल्या, "पाच बारशांत आणि तीन साखरपुड्यांत तपासलाय."

"आणि मुळात माणसं दोनच असली तर?" मी विचारलं.

"तर भांडण टिकतच नाही. विझतं."

मला हे ऐकून बरं वाटलं. मी विचारलं, या दोनांत तुम्ही धरल्या का? ताईंना माझ्या अडाणीपणाची कीव आली. "मी मोजतेय ना? मोजणारा मोजायचा नसतो." पंगतीत जाऊन "मठ्ठा संपला का हो?" असं पहिल्यांदा मोठ्यानं विचारणारी बाई कोण होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता आमच्या रविवाराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे. सासूबाई होत्या तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं असा दंडक. सगळे म्हणजे मी, माझा नवरा, मुलुंडहून धाकटे दीर आणि जाऊ, आणि वरून ताई. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, कधी वडे, आणि तोंडी लावायला भांडण. भांडणाचा विषय ठरलेला: मुलुंडला थंडी असते की नाही. जाऊ सांगायची की डिसेंबरात मुलुंडला स्वेटर घातल्याशिवाय दूध आणायला जाता येत नाही. नवरा म्हणायचा, मुलुंड हे ठाण्याला चिकटलेलं गाव आहे, तिथं थंडी नसते, नुसता वारा सुटतो. दीर म्हणायचे, "आणि तुमच्या इथं काय, माकडं." इथून मग बाबांनी बोरीवलीला जागा का घेतली, कुणाच्या शिक्षणाला कुणाची खोली गेली, आईचं कोण किती करत होतं, असं होत होत सोलकढी संपेपर्यंत दोघं दमलेले असत. मग सुपारी. मग "येतो हां वहिनी." पुढच्या रविवारी पुन्हा थंडी. मी टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं ऑपरेटर होते, सबंध मुंबईची भांडणं कानावरून गेली आहेत, पण इतकं नेमानं चालणारं भांडण मी दुसरीकडे ऐकलं नाही.

सासूबाई जाताना शुद्धीवर होत्या. मुलगे पायाशी बसलेले, पण त्यांनी हात धरला तो ताईंचा आणि म्हणाल्या, "बाय गो, आयतवार मोडू नको हां." बाकी काही मागितलं नाही. ताईंनी ‘नाही मोडणार’ म्हटलं, आणि ताई शब्दाच्या पक्क्या.

सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांना बंगलोरहून एक ईमेल आला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जुन्या संस्थेनं त्यांना सामानाच्या खोलीशेजारी एक टेबल दिलं होतं, तिथं त्या आठवड्यातून तीनदा जाऊन बाण काढत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेला एक निबंध होता. तो, त्यांच्याच शब्दांत, जगात चार जणांनी वाचला होता आणि त्यातला एक आता हयात नव्हता. तो निबंध बंगलोरच्या कुठल्याशा संस्थेतल्या पोरांच्या हाती लागला. पोरांनी प्रयोगशाळेत तसंच करून बघितलं आणि ताईंनी कागदावर सांगितलं होतं तसंच रसायन हट्टानं आपल्या जागी बसून राहिलं. आता ती पोरं म्हणत होती, बाई, दोन वर्षं इथं या, आम्हाला शिकवा. ताईंनी तो ईमेल आम्हाला रविवारी जेवताना वाचून दाखवला. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घालून म्हणाल्या, "नाही म्हणून कळवते. रविवार आहे."

"काय यार ताई," दीर म्हणाले, "आम्ही काय कुकुली बाळं आहोत? जा तू. आम्ही येत जाऊ ना."

"असं नुसतं म्हणून चालत नाही रे. सिद्ध व्हायला पाहिजे."

आणि मग सुरू झाला आमच्या रविवाराचा छळ. दर आठवड्याला रविवारातली एकच गोष्ट काढायची आणि रविवार टिकतो का ते बघायचं. पहिल्या रविवारी त्यांनी मासे काढले. वरणभातावर बसलेले दोघं भाऊ असे काही भांडले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. टिकला. दुसऱ्या रविवारी माझा नवरा काढला. त्याला बाबांच्या गिरणीतल्या एका म्हाताऱ्या मित्राची चौकशी करायला माहुलला पाठवलं. तो म्हातारा दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे गावी गेला होता हे ताईंना माहीत होतं. नवऱ्यावाचूनही टिकला; थंडीची बाजू त्या दिवशी मी लढवली. तिसऱ्या रविवारी दीर, चौथ्याला जाऊ. पाचव्या रविवारी आम्ही टेबल काढून जमिनीवर पंगत मांडली, तर खिडकीतून माकड आलं आणि वड्यांची परात घेऊन भिंतीवर जाऊन बसलं. आम्ही हसून हसून बेजार, पण ताई संतापल्या. टेबल आणि वडे असं दोन एकदम गेलं, आता कुणाचा काय परिणाम ते कसं कळणार? तो रविवार त्यांनी रद्द ठरवला आणि सहाव्याला पुन्हा टेबल काढलं, या खेपेला खिडक्या बंद करून. सातव्या रविवारी मला काढलं. मी नाटकाला जाते असं सांगून निघाले आणि भाभींच्या दारामागे उभी राहून जिन्यातून ऐकत बसले. वर भांडण रंगलं होतं. वासावरून कळत होतं की भातही छान झाला होता. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

आठव्या रविवारी ताईंनी निकाल जाहीर केला. एक कागद आमच्या फ्रिजवर चिकटवला. त्यावर आम्हा चौघांची आद्याक्षरं, मासे, टेबल, मुलुंडची थंडी, आणि सगळ्यांमधून गेलेले बाण. त्यांनी पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावर ठेवून दाखवलं, हे काढा, रविवार राहतो. ते काढा, रविवार राहतो. "कुठलीही एक गोष्ट काढली तरी तो मोडत नाही. आईला दिलेला शब्द आता गणितानं पाळला जाईल."

नवरा बराच वेळ कागद बघत होता. "यात तू कुठेयस?"

"मी दोन्ही बाजूंना आहे," ताई म्हणाल्या, "बाणाच्या अलीकडे जशी, तशीच पलीकडे. जे दोन्हीकडे जसंच्या तसं येतं ते आम्ही कापून टाकतो. मांडणी सोपी होते." आम्ही चौघांनीही माना डोलावल्या, भाभींसारख्या. दिवाळी झाल्यावर ताई बंगलोरला गेल्या. बॅगेत कपडे कमी आणि वह्या सात.

पहिल्या रविवारी मुलुंडची मंडळी आली. आम्ही जेवलो, थंडीचा विषय निघाला आणि दोन वाक्यांत बसला. दुसऱ्या रविवारी दिरांना काम निघालं. तिसऱ्या रविवारी जावेचा फोन आला, वहिनी, घोडबंदर रोडची पार वाट लागलीय, पुढच्या वेळी नक्की. चौथ्या रविवारी फोनही आला नाही. मी सवयीनं सहा बांगडे आणून बसले होते. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "मुलुंडला आता थंडी पडली असेल."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. आम्ही दोनच माणसं होतो आणि दोघंही शांत होतो, आणि लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलेलं ते गणित मला त्या क्षणी पुरतं कळलं. भांडण विझलं होतं. सासूबाईंनी मरताना मागितलेली एकुलती एक गोष्ट आम्ही महिन्याभरात घालवली होती. मी उठून पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि त्या कागदासमोर उभी राहिले. आम्ही चौघंही एकेका रविवारी गैरहजर होतो. एकच बाई प्रत्येक रविवारी तिथं होती, टेबलाच्या टोकाला, पेन्सिल घेऊन. दर शुक्रवारी मुलुंडला फोन कोण करायचं? ‘येणार का’ असं नाही, ‘किती वाजता निघणार’ असं कोण विचारायचं? आणि पहिला घास घेतल्यावर, भोळ्या चेहऱ्यानं, "काय रे, मुलुंडला खरंच थंडी असते का?" हे दर आठवड्याला न चुकता कोण म्हणायचं? भांडण लावून द्यायचं, आपण जसंच्या तसं शांत राहायचं आणि वर शांत माणसं मोजायची. जगातल्या पेशीपेशीचा ठाव घेणाऱ्या बाईनं आपल्याच घरच्या कागदावर स्वतःला कापून टाकलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच.

"काय गं, जेवलात? आज इथल्या पोरांनी काय केलं माहितेय? माझा दुसरा निबंध शोधून काढला. माझ्याही लक्षात नव्हता तो." त्या इतक्या भरभर बोलत होत्या की मी त्यांना तशा बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. पोरं त्यांना पायऱ्या उतरताना हात देतात, त्यांनी फळ्यावर लिहिलेलं पुसत नाहीत, दुपारी सगळी मिळून कॉफी पितात. मग म्हणाल्या, "आणि आपला रविवार? झालं का भांडण?"

मी खरं सांगितलं असतं तर त्या त्याच संध्याकाळी गाडीत बसल्या असत्या, आणि पुन्हा सामानाच्या खोलीशेजारच्या टेबलावर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी फोनवर कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "झालं की. थंडीवरून."

"शांत किती होते?"

"दोन," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

फोन ठेवला आणि लगेच मुलुंडला लावला. "भाऊजी, येत्या रविवारी दोघंही या. भांडायचंय."

"कशावरून, वहिनी?"

"ते आल्यावर ठरवू."

फोनवरच दोघांना सगळं सांगितलं. मग जाऊ म्हणाली, "मी तिखलं करून आणते." रविवारी आम्ही फोन ताईंच्या जागेवर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सव्वा वाजता स्पीकर लावून फोन लावला. दिरांनी शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तसं सुरू केलं, "मुलुंडला बोरीवलीपेक्षा थंडी जास्त असते." नवरा म्हणाला, "असं काही नाही." मग कुणालाच काही सुचेना. जाऊ डोळे वटारून कुजबुजली, "अहो, माकडांचं म्हणा ना." दीर म्हणाले, "तुमच्याकडे माकडं आहेत." नवरा म्हणाला, "हो, आहेत." इतकं वाईट नाटक मी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातसुद्धा पाहिलेलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. आता ताईंना कळणार, असं वाटत असतानाच तांब्याकडून त्यांचा भोळा आवाज आला, "काय गं, आज तिखलं जरा आंबट झालंय का?"

"ताई, तुम्ही बंगलोरला आहात," मी म्हटलं.

"हो ना. म्हणून विचारतेय."

"सोलं थोडी जास्त पडलीयत," नवरा म्हणाला. जावेनं चमचा खाली ठेवला. "भाऊजी, सोलं तुमच्या आईच्याच मापानं घातलीयत." आईचं माप तुला कधी कळलं, असं नवरा म्हणाला, मग माप कुणाला कळलं होतं आणि शेवटच्या दिवसांत स्वयंपाकघरात कोण उभं होतं, हे निघालं, दीर उभे राहिले, माकडांसकट सगळी बोरीवली निघाली, स्वेटर निघाला, वाऱ्याचा आणि थंडीचा फरक निघाला. झकास भांडण झालं. भात निवून गेला. तांब्याकडून फक्त पेन्सिलीचा कागदावर आवाज येत होता. नंतर सुपारी कातरताना दीर म्हणाले, "पुढच्या रविवारी मासे मी आणतो, खारदांड्याला चांगले मिळतात." त्यावरही नवऱ्याचं काही म्हणणं होतं.

त्यानंतर आमचा एकही रविवार चुकलेला नाही. मुलुंडहून मंडळी बारा वाजता येतात. आम्ही ताईंची जागा पुसून घेतो, फोन तांब्याला टेकवतो, आणि त्या बंगलोरहून एखादा भोळा प्रश्न टाकतात. कधी वाटतं त्यांना सगळं कळलेलं आहे. कधी वाटतं, छे, त्या अजूनही फक्त मोजतायत.

मागच्या महिन्यात दोन वर्षं पुरी झाली. रविवारी भांडण संपून सगळे हात धुवायला गेल्यावर ताईंनी मला म्हटलं, स्पीकर बंद कर. मग हळूच म्हणाल्या, "ही पोरं म्हणतायत, आणखी दोन वर्षं राहा. काय करू गं? येऊ का परत?"

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. माझ्या तोंडावर आलं होतं, या. वरच्या घराचं कुलूप बघवत नाही, भाभी रिपोर्ट घेऊन माझ्या दारी येतात आणि मला बाण काढता येत नाहीत, एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर ती खरंच हरवलेली असते. त्यांच्या त्या उलट्या पानावर चौथी ओळ कुणीतरी लिहायला हवी आहे. पण वह्या बंगलोरला, आणि त्या तिथं मजेत आहेत हे त्यांच्या आवाजावरून बहिऱ्यालाही कळलं असतं.

मी म्हटलं, "राहा की, ताई. तुमच्यावाचून इथं काही अडत नाही."

पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. म्हणजे आई रागावणार नाही." आणि पोरं कॉफीला थांबली आहेत म्हणून फोन ठेवला.

नवरा हात पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून ताटं उचलायला लागला. मी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली. फ्रिजवरच्या कागदावर पहिल्या बाणाच्या अलीकडे लिहिलं, ताई. पलीकडेही लिहिलं, ताई. गणितात हे चालत नाही, मला ठाऊक आहे. आल्या की चष्मा लावून बघतील आणि दोन्हीकडचं कापून टाकतील. तोवर असू दे.